हात पोचणार नाही अशी जागा

शिर्केसाहेबांनी अंड्यांच्या ट्रेमध्ये बारा काळी बटणं मांडून ठेवली होती, एकेका खळग्यात एकेक. मी शेडमध्ये शिरलो तसा त्यांनी ट्रे माझ्यापुढं सरकवला.

"बघा मिस्त्री. थेट अमेरिकेहून आलेत. तीन महिने वाट बघितली."

मी एक उचललं. अंगठ्याच्या पेराएवढं, माथ्यावर पांढऱ्या रंगात पाचाचा आकडा. माल चांगला होता, त्यात वादच नाही.

"हे ब्रेकर," साहेब म्हणाले. "रेडिओला एक, दिव्यांना एक, पेट्रोलच्या पंपाला एक, असे बारा. विमानात समोरच्या पाटीवर ओळीनं बसवायचे. कुठल्या तारेत जास्त करंट गेला की तिचं बटण बाहेर उडी मारतं. बोटानं आत दाबलं की परत चालू."

"आणि परत उडी मारली तर?"

"तर परत दाबायचं."

मी बटण ट्रेमध्ये ठेवून दिलं. म्हटलं, "मी हे बसवणार नाही."

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. शिर्केसाहेब जाऊनही आता चार वर्षं होतील, म्हणून सांगायला हरकत नाही. हणमंतराव शिर्के वायुदलात चोवीस वर्षं नोकरी करून गावी आलेले. विमानाचा पत्रा, रिवेट, पंख हे त्यांचं काम. जन्मभर दुसऱ्यांची विमानं नीट केली, स्वतः एकही उडवलं नाही, याची रुखरुख घेऊनच ते परत आले. विट्यापासून पाच मैलांवर त्यांनी कोंबड्यांची शेड टाकली. रोग आला, कोंबड्या गेल्या. त्याच सालात घरच्या बाई गेल्या. एकुलती एक मुलगी लग्न होऊन कॅनडात. मग एक दिवस या माणसानं विमानाचे नकाशे मागवले आणि त्या रिकाम्या शेडमध्ये दोन शिटांचं विमान बांधायला घेतलं. मधे जाऊन उडवायला शिकून आले, परवाना काढून आले. सहा वर्षं चाललं होतं. गावातले लोक म्हणायचे, शिर्क्यांच्या खुराड्यात आता विमान अंडं घालणार. साहेब ते ऐकून हसायचे आणि रिवेट ठोकत राहायचे.

मी सुदाम पांचाळ. विट्याच्या स्टँडमागं माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, काय येईल ते. साहेबांच्या डोक्यात पत्रा बसायचा, तार बसायची नाही, म्हणून ते माझ्याकडं आले. पहिल्यांदा मला हसूच आलं. म्हटलं, बघून तर येऊ. सोमवारी दुकान बंद असायचं तेव्हा जायला लागलो, आणि दोन महिन्यांत रोज दुपारी जायला लागलो. घरी तरी कोण होतं? शेवंता, माझी बायको, जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा उदय भोसरीला कारखान्यात. वर्षातून एकदा, आईच्या तिथीला, त्याचा फोन यायचा. "पान ठेवलं का?" असं विचारायचा. मी म्हणायचो, "ठेवलं." तो म्हणायचा, "बरं." की झालं वर्षाचं बोलणं. तिथीला तो कधी आला नाही, आणि मीही कधी ये म्हटलं नाही.

तर त्या दिवशी मी बसवणार नाही म्हटल्यावर साहेबांनी चष्मा काढला.

"का नाही?"

"फ्यूज लावू. जीपला असतात तसेच, पात्याचे. सगळे एका पेटीत, आणि पेटी तुमच्या शिटाच्या पाठीमागं. तुमचा हात पोचणार नाही अशा जागी."

"हात पोचणार नाही? मग हवेत फ्यूज उडाला तर बदलू कसा?"

"बदलायचाच नाही. खाली उतरायचं आणि मग बदलायचा."

"मिस्त्री, ही काय जीप आहे, कडेला लावायला?"

"म्हणून तर सांगतोय." मी कागद-पेन्सिल घेतली. "मला एक एक सांगा. इंजिनाला बॅटरी लागते?"

"सुरू करायला लागते. एकदा फिरायला लागलं की त्याची ठिणगी त्याची तोच तयार करतं."

"पंप?"

"इंजिनाचा स्वतःचा पंप आहे. हा विजेचा जादा."

"दिवे?"

"मी दिवसाच उडणार."

"मग वर गेल्यावर यातलं काय बंद पडलं तर तुम्ही पडाल?"

साहेबांनी कागदावरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. "काहीच नाही," म्हणाले.

"मग कशाला पाहिजे बटण? फ्यूज आणि ब्रेकर, दोघांचं काम तार वाचवायचं. तो उडाला म्हणजे कुठंतरी काहीतरी जळतंय. त्याला दाबून गप्प करायचं, म्हणजे ते जळू द्यायचं."

"रेडिओ," साहेब म्हणाले.

"रेडिओ गेला म्हणून विमान पडत नाही."

"नाही पडत." त्यांनी चष्म्याच्या काचा शर्टाच्या टोकाला पुसल्या, पुसतच राहिले. "पण मिस्त्री, तुम्ही यायच्या आधी सहा वर्षं मी या शेडमध्ये एकटा होतो. दीडशे फूट लांब शेड. हातोडी ठेवली की माझाच श्वास मला ऐकू यायचा. कधी कधी मोठ्यानं काहीतरी वाचत बसायचो, नुसता आवाज पाहिजे म्हणून. ही दुसरी शीट कुणासाठी केली असेल? आता वर तरी कुणीतरी बोलणारं पाहिजे. बाकीचे अकरा तुम्ही कुठंही टाका. रेडिओचं बटण माझ्या हाताशी पाहिजे."

माणूस एवढं पोटातलं बोलला, तर मी काय करावं? मी म्हटलं, "तुम्हाला जाळूनच घ्यायचं असेल तर दुसरा मिस्त्री बघा."

साहेबांचा चेहरा उतरला, आणि मग तापला. "एका बटणाला एवढं घाबरता? जन्मभर ट्रकच्या तारा ओढल्या तुम्ही. विमानातलं काय कळतंय तुम्हाला?"

मी पक्कड, टेस्टर पिशवीत टाकलं आणि निघालो. दारापाशी त्यांनी हाक मारली असती तर थांबलो असतो. त्यांनी मारली नाही.

नऊ दिवस मी तिकडं फिरकलो नाही. दुकान उघडायचो, बंद करायचो. दुपारचे दोन वाजले की पाय आपोआप सायकलीकडं वळायचे, मग मी उगीच डब्यातले स्क्रू निवडत बसायचो. शेडवर आमचा डबा एकत्र असायचा, त्यांचा भात, माझ्या भाकऱ्या. घरी एकट्यासाठी भाकरी थापायचा कंटाळा आला, तेव्हा चहा-पावावर भागवलं. राग कधीच गेला होता. पण जाऊन काय सांगायचं? का घाबरतो ते सांगावं लागलं असतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी स्कूटर दुकानापुढं थांबली. साहेब उतरले, बॅटरीच्या खोक्यावर बसले.

"माफी मागायला आलो नाही," ते म्हणाले. "विचारायला आलोय. तुमच्यासारखा माणूस बटणाला भीत नाही. काय आहे ते सांगा."

माझ्या मांडीवर एका जीपचा डायनॅमो होता. मी तो खाली ठेवला, हात पुसले आणि गल्ल्याखालचा खण उघडला. आतून फडक्यात बांधलेली एक वस्तू काढून त्यांच्या हातात दिली. जुन्या घरांत असायचा तसला चिनी मातीचा फ्यूज. माती काळी पडलेली, एका बाजूला तडकलेली. त्यातली तार मात्र शाबूत. जाड, दुपदरी, पिळून घातलेली.

"हा आमच्या घरातला," मी म्हटलं. "सारखा जायचा. शेवंता म्हणायची, गावाच्या गाड्या नीट करता आणि आपल्या घरात अंधार. एका सकाळी मी घाईत होतो. फ्यूजला लागते केसासारखी बारीक तार. मी ही घातली. परत कधी गेला नाही. शेवंता खूश झाली."

साहेबांनी फ्यूज उजेडाकडं धरून बघितला.

"महिना गेला. उदय तेव्हा एकोणीस वर्षांचा. सकाळी अंघोळीच्या बादलीत पाणी तापवायची कॉइल सोडली आणि दूध आणायला गेला. तिकडं पोरांशी बोलत बसला. पाणी आटलं, कॉइल फुटून शॉर्ट झाली. त्या घटकेला फ्यूज जायला पाहिजे होता. शंभर रुपयांची कॉइल गेली असती, एवढंच. पण फ्यूज मी जाऊच दिला नाही. भिंतीतली तार पेटली, ती वर माळ्यावर गेली. माळ्यावर गाद्या, गोधड्या. शेवंता आतल्या खोलीत होती. धुरात तिला दार सापडलं नाही. मी इथंच होतो, दुकानात."

"आणि मुलगा?"

"सगळे म्हणाले, पोरानं कॉइल चालू ठेवली. तोही तेच म्हणाला, रडून रडून. राखेत मला हा सापडला. मी खिशात घातला."

"तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?"

"एक शब्द नाही."

"त्याला अजून वाटतंय, त्याच्यामुळं आई गेली?"

मी हो म्हणून मान हलवली.

साहेबांनी फ्यूज फडक्यात होता तसा बांधला, गाठ मारली आणि माझ्यापुढं ठेवला. "वाईट केलंत मिस्त्री," म्हणाले. "फार वाईट केलंत."

मला वाटलं होतं, कुणी असं म्हटलं तर मी उभा राहणार नाही. पण खरं सांगतो, बरं वाटलं. नऊ वर्षांत सगळे माझी कीवच करत आले होते.

ते उठले. स्कूटरला किक मारण्याआधी म्हणाले, "फ्यूज मागंच लावा. रेडिओचासुद्धा. मी एकटा वर जाईन आणि आवाज नसला तरी परत येईन. मी उतरलो की तुम्ही मुलाला एक फोन करायचा."

"आणि तुम्ही उतरला नाहीत तर?"

"तरी करायचा."

त्या दुपारपासून मी परत शेडवर. फ्यूजची पेटी शिटाच्या मागं पत्र्याला ठोकली. साहेब शिटावर बसून, पट्टा बांधून मागं हात टाकून बघायचे. पोचला की मी पेटी आणखी चार बोटं मागं सरकवायचो. शेवटी खांदा दुखेपर्यंत ताणूनही बोट लागेना, तेव्हा म्हणाले, "झालं समाधान?" ती बारा बटणं अंड्यांच्या ट्रेमध्येच राहिली.

तपासणी झाली, कागद आले. पंख काढून विमान उसाच्या ट्रॉलीवर चढवलं आणि एका कारखान्याच्या धावपट्टीवर नेलं. ट्रॅक्टरवाला सगळ्या वाटेनं मागं वळून बघत होता. माघाचा महिना होता, सकाळचे आठ, वारा नाही. साहेबांनी मला एक हातातला रेडिओ दिला, कुठलं बटण दाबून बोलायचं ते तीनदा शिकवलं. उजव्या शिटावर त्यांनी बाईंची एक शाल घडी करून ठेवली होती. मी तिकडं बघितलं तसे म्हणाले, "मी विमान बांधायचं बोलायचो तेव्हा ती म्हणायची, तुमच्या डब्यात मी मेले तरी बसणार नाही."

विमान धावलं, आणि उचललं. सात महिने ज्याच्या पोटात डोकं घालून मी तारा बांधल्या, ते शेवरीच्या झाडांवरून पलीकडं गेलं.

"मिस्त्री, ऐकू येतंय?" हातातला रेडिओ बोलला.

"येतंय साहेब."

"चार हजार फूट. हवा एकदम लोण्यासारखी आहे. तुमचं विटं धुक्यात बुडालंय, पण तळं दिसतंय. आणि आमची शेड. केवढीशी दिसते हो. इथून बघितलं तर"

आणि आवाज तुटला.

मी बटण दाबलं. "साहेब?" परत दाबलं. "साहेब, बोला." नुसती खरखर. मी घड्याळात बघितलं, आठ वाजून एकोणीस मिनिटं. आकाशात कुठं ठिपका दिसेना. विमानाचा आवाजही येईना. धावपट्टीच्या कडेला मी एकटा, आणि लांब उसात कुणीतरी मोटारीनं पाणी सोडलेलं, त्याचा आवाज.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगतो. मला वाटलं, मी परत तेच केलं. त्या वेळी तार जाड घातली, या वेळी फ्यूज लांब ठेवला, आणि दोन्ही वेळा मी बाहेर उभा आणि माणूस आत. त्या माणसानं एकच गोष्ट मागितली होती, वर कुणाचा तरी आवाज. बटण समोर असतं तर आता दाबून बोलला असता. मी मोठ्यानं बोलत होतो, रेडिओत नव्हे, असाच. साहेब या, साहेब खाली या. बावीस मिनिटं.

मग पूर्वेकडून तो आवाज आला. विमान सरळ रेषेत खाली उतरलं, एकदा उसळलं, दुसऱ्यांदा टेकलं आणि थांबलं. मी पळत गेलो. साहेब दार उघडून बाहेर आले आणि पंखाखालीच गवतावर बसले.

"रेडिओ गेला," ते म्हणाले. "हात तीनदा पाटीवर गेला, मिस्त्री. तीनदा. बटण असतं तर मी तीनदा दाबलं असतं."

पेटीत रेडिओचा फ्यूज उडालेला होता. आम्ही पाटी खोलली. रेडिओची तार एका पत्र्याच्या भोकातून जात होती, तिथं तिचं कातडं घासून गेलेलं. तांबं उघडं, पत्र्याच्या कडेला मसुरीएवढा काळा डाग. तिथून चार बोटांवर पेट्रोलची नळी. तीनदा दाबलं असतं, तर तीन ठिणग्या त्याच जागी.

साहेबांनी ते भोक बोटानं चाचपलं. "ही तार मीच ओढली होती. तुम्ही येत नव्हतात त्या नऊ दिवसांत. भोकाला रबर घालायचं राहिलं."

"मी तपासायला पाहिजे होती. तुमची म्हणून तपासली नाही."

मी उघड्या तारेवर टेप गुंडाळली. मग मी विचारलं, "वर कसं वाटलं? आवाज गेल्यावर?"

"एकटं," ते म्हणाले. "फार एकटं वाटलं. पण काम तेवढंच उरलं होतं, खाली यायचं." त्यांनी शर्टाच्या खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढं धरला. "नंबर पाठ आहे?"

"आहे."

ते उठून शेवरीच्या बाजूला निघून गेले. मी पंखाच्या सावलीत बसून नंबर दाबला. तिसऱ्या घंटीला उचलला. मागं यंत्रांची घरघर.

"उदय, मी बोलतोय."

"अप्पा? काय झालं? आज तर तिथी नाही."

"तिथी नाही. तू जरा बाहेर ये."

घरघर कमी झाली. मी सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण थांबलो असतो तर परत सुरू झालो नसतो. जाड तार मी घातली. कॉइलमुळं काही झालं नसतं. फ्यूज गेला असता आणि तुझी आई तुला शिव्या देत बाहेर आली असती. तुझ्यामुळं नाही गेली ती. मला तेव्हापासून ठाऊक होतं.

फोन तुटला की काय म्हणून मी कानापासून काढून बघितला. आकडे पुढं सरकत होते. एक मिनिट, दीड मिनिट.

"अप्पा," शेवटी तो म्हणाला. "मी नऊ वर्षं गार पाण्यानं अंघोळ करतोय."

आणि त्यानं फोन ठेवला.

मी तिथंच बसून रडलो, आणि साहेब लांबच थांबले. त्यानंतरच्या तीन दिवसांत माझा हात किती वेळा फोनकडं गेला, त्याची गणती नाही. पण मी परत लावला नाही. त्याचं त्याला उतरू द्यायचं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी दुकानात एका ट्रकचा हेडलाईट खोलत होतो. दारात सावली पडली. उदय होता. अठ्ठाविशीतच केस कानावर पिकलेले, हातात पिशवीसुद्धा नाही.

"तो फ्यूज दाखवा," म्हणाला.

मी खण उघडून फडकं दिलं. त्यानं उभ्या उभ्याच गाठ सोडली, तारेवरून अंगठा फिरवला. परत बांधलं आणि स्वतःच्या खिशात घातलं. पाणी विचारलं, नको म्हणाला. बस म्हटलं, बसला नाही. पायऱ्या उतरला, स्टँडच्या दिशेनं चार पावलं गेला आणि थांबला. माझ्याकडं न बघताच बोलला.

"यंदा तिथीला पान तुम्ही ठेवू नका. मी येतो."